बाबलकाकाच्या दाढेतला स्टोव्ह

बाबलकाकाने माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना हात आपोआप मऊ होतो. माझा होऊ नये. त्यालाही ते आवडलं नसतं. माफी हा प्रकार त्याच्याकडे नव्हताच. कुणी त्याचा अपमान केला, कुणी त्याच्या खुर्चीवर पाय ठेवला, कुणी जिन्यात त्याला बघून आपली पोरं घरात ओढली, तर तो भांडायचा नाही, आवाज चढवायचा नाही. उजव्या हाताचं बोट कानशिलावर दोनदा आपटायचा आणि म्हणायचा, "ठेवलंय."

आणि ते खरोखरच ठेवलेलं असायचं. वर्षभर तिथेच, जसंच्या तसं. मग चाळीच्या सत्यनारायणाला बाहेर निघायचं.

आमची चाळ भांडुपला, डोंगराच्या अंगावर. बहुतेक घरं सिंधुदुर्गातली. आमचे बाप गिरणीत होते, आम्ही कुणी बँकेत, कुणी कुरिअरमध्ये, कुणी रिक्षावर. मी मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. गाव सुटलं तरी गाऱ्हाणं सुटलं नव्हतं. पूजा झाली की देवापुढे नारळ ठेवून एकाने मोठ्याने सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी हात जोडून "व्हय महाराजा" म्हणायचं. हे म्हणायला लहानपणापासून तोंड इतकं सरावलेलं असतं, की पुढचा काय बोलतोय तिकडे कुणाचं लक्ष नसतं. वाक्य संपलं की होकार आपोआप बाहेर पडतो.

चाळीचं गाऱ्हाणं बाबलकाकाच्या घराकडे होतं. आधी त्याचे वडील घालायचे, मग तो. थोरला भाऊ सदाकाका होता, पण त्याला चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. बाबलकाका उभा राहिला की त्याच्या किडकिडीत अंगातून असा काही आवाज यायचा की खालच्या रस्त्यावरचे भाजीवाले वर बघायचे. गावचा देव, वेशीवरचा देव, घरचा देव, मग मुंबईतला डोंगरावरचा देव, प्रत्येकाला मानाप्रमाणे हाक. एक नाव मागेपुढे होत नसे. मग आजाऱ्याला बरं कर, पोराला नोकरी दे, पोरीला स्थळ दे. आणि मग, सगळे डोळे मिटून डोलत असताना, त्याच सुरात, वर्षभर ठेवलेलं एकेक.

आमचे सेक्रेटरी परब तेव्हा पाण्याच्या लाइनवर गुपचूप मोटार लावायचे. वरच्या खोल्यांना करंगळीएवढी धार. बाबलकाकाने त्यांना दोनदा सांगितलं होतं, आणि ते म्हणाले होते, "तू गोळी घेऊन झोप जा." त्या वर्षी गाऱ्हाण्यात आलं:

"बा देवा महाराजा, जो कोण चोरून मोटार लावून लेकुरवाळ्यांचा पाणी ओढता, तेच्या नळातसून बेडूक येवंदेत रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळी चाळ म्हणाली. पहिल्या रांगेत डोळे मिटून, मनापासून, परबही म्हणाले. मग कुणाला तरी हसू फुटलं आणि मंडप आडवा झाला. पुढे कित्येक महिने पोरं परबांच्या दारावरून जाताना डरांव डरांव करायची. मोटार निघाली.

त्याला स्किझोफ्रेनिया होता. आधी चाळीत "डोक्यात वारं गेलं" म्हणायचे, मग "मेंटल", मग टीव्हीवर तो शब्द यायला लागल्यावर तो शब्द. तरुणपणी तो एका कारखान्यात लेथवर होता. लेथच्या आवाजातून त्याला माणसं बोललेली ऐकू यायला लागली, आणि एक दिवस मशीन चालू ठेवून तो चालत घरी आला. लग्न झालं नाही. सदाकाकाने त्याला टाकलं नाही, हे सदाकाकाच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. पुढे मला जे लिहायचं आहे त्यासाठी तर लिहिलंच पाहिजे.

बऱ्याच गोळ्या झाल्यावर डॉक्टरांनी एक गोळी दिली, तिने तो सावरला. आवाज गेले नाहीत, पण लांब गेले. "आता खालच्या माळ्यार बोलतत," तो सांगायचा, "माका काय तेंचा. बोलांदेत." त्या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होण्याची भीती असते, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. मी लॅबमध्ये आणि घर शेजारचं, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी मी सुई घेऊन गेलो की तो दारातल्या खुर्चीवरूनच आत सांगायचा, "वैनी, ढेकूण इलो. चाय टाक." मला चाळीत त्याच्यामुळे ढेकूण हे नाव पडलं, आणि अजून आहे.

सुई टोचताना बहुतेक लोक दुसरीकडे बघतात. तो सुईकडे बघायचा. रक्त नळीत चढायला लागलं की म्हणायचा, "काढ. सदाच्या वाटणीचा पन काढ. तो नुसतो सुजतासा खाऊन."

घरातल्यांनाही सूट नव्हती. एकदा पाहुणे आले होते, सदाकाकाच्या बायकोने, म्हणजे काकीने, त्यांना ताजा भात वाढला आणि ह्याला सकाळचा. कानशिलावर बोट आपटलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून जेवायच्या वेळी तो स्वच्छ शर्ट घालून बाहेर जायचा, स्वतःच्याच दाराची कडी वाजवायचा आणि काकीने दार उघडलं की वाकून विचारायचा, पाव्हणो इलेलो असा, भात असा काय हो ताजो? मग चपला हातात घेऊन आत यायचा आणि पाहुण्यांच्या खुर्चीत अंग चोरून बसायचा. "पानी दिलास तर बरा होईत," असं काकीला अहो-जाहो करत. महिनाभर. काकी आधी चिडली, मग हसली, मग रडली. त्यानंतर तिने त्याला शिळं वाढलं नाही.

आणि पत्त्यांत त्याच्या वाटेला कुणी जात नसे. गॅलरीत मेंढीकोट रंगला की कुठलं पान कुणी कधी टाकलं, कोणाकडे कुठला हुकूम दाबून ठेवलाय, हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं. डोक्यात आवाज चालू असताना हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाला, तेंका बडबडीतसून पाना बघूक वेळ खय असा.

आता माझं.

माझ्यासाठी मुलुंडचं एक स्थळ आलं होतं. मुलगी मला आवडली होती, मी तिला आवडलो असावा. तिची आई आणि मामा घर बघायला आले तो दिवस नेमका पूजेचा. मीच बोलावलं होतं, चाळ जरा सजलेली असते म्हणून. त्याआधी शिमग्याला बाबलकाका सदाकाकाबरोबर गावी जाऊन आला होता. माझे वडील तेव्हा गावी एकटे होते. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, शेजारीण दोन वेळचं आणून द्यायची. मी पैसे पाठवायचो. जायचो नाही. का जायचो नाही त्याला माझ्याकडे पुष्कळ कारणं होती आणि ती सगळी मी पाहुण्यांना सांगण्याजोगी करून ठेवली होती. वडिलांना गावची हवा मानवते, असं मी त्या मामांना सांगितलं होतं.

गाऱ्हाणं रंगात आलं. मी मामांच्या शेजारी हात जोडून उभा.

"बा देवा महाराजा, ह्यो आमचो उदय. दुनियेचा रक्त काढता. बापूस थय खाटेर मुतता, तेका बघूक जाणा नाय. तेका पाय फुटांदेत रे महाराजा."

सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. मुलीची आईही म्हणाली. मीही म्हणालो.

मामांनी प्रसाद घेतला, चांगली झाली पूजा म्हणाले, आणि दोन दिवसांनी फोन करून पत्रिका जुळत नाही असं सांगितलं. पत्रिका आधीच जुळली होती. मी बाबलकाकाकडे गेलो नाही, भांडलो नाही. त्याने सांगितलं त्यातला एक शब्द खोटा असता तर भांडलो असतो. वडील त्या पावसाळ्यात गेले. तेव्हाही मी पोचलो ते सगळं आटपल्यावर. नंतर माझं लग्न झालं, चांगलं झालं, मुलगी झाली. तरी रक्त घ्यायच्या रविवारी त्याच्या दंडाला पट्टा बांधताना मी गरजेपेक्षा थोडा घट्ट बांधायचो. त्याला कळायचं. बहुतेक ते त्याला रास्त वाटत असावं.

स्टोव्हची गोष्ट त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाली. एका रविवारी चहा पुढे आला तर त्याने बशी ओठाला लावली आणि खाली ठेवली. म्हणाला, "माझ्या दाढेत कोणतरी स्टोव्ह पेटवल्यान."

काकीने माझ्याकडे बघितलं, तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं: झालं, परत सुरू. मी विचारलं, कोणी पेटवला? तर म्हणाला, ता कळाक नाय, पन रॉकेलचो वास येता.

वास मलाही आला होता. त्याने तोंड उघडलं तेव्हा. रॉकेलचा नव्हता, कुजल्याचा होता.

पुढे स्टोव्ह वाढला. कधी भणभणायचा, कधी बारीक व्हायचा, कोण तरी त्याला पंप मारतंय असं तो सांगायचा. खाताना एकाच बाजूने चावायचा. गाल कधी चढलेला, कधी उतरलेला. सदाकाकाने मनाच्या डॉक्टरांना सांगितलं की आता दाढेत स्टोव्ह म्हणतो. त्यांनी गोळी वाढवली. त्या भल्या माणसाचं काय चुकलं? आयुष्यभर भास सांगणारा माणूस, त्याने अजून एक सांगितला. पण माझ्याकडे त्याचं रक्त होतं.

ह्या गोळीच्या माणसाच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की सगळे धावतात. जास्त असल्या की कुणी बघत नाही. उलट बरं वाटतं, कमी तर नाहीत ना. बाबलकाकाच्या जास्त यायला लागल्या. एकदा नाही, प्रत्येक वेळी. जास्त आलेला आकडा आमच्या रिपोर्टवर ठळक छापला जातो, आणि तो ठळक आकडा बघून घरी सगळे निश्चिंत व्हायचे. एकदा मी नळीतलं उरलेलं रक्त घेऊन, कुणी सांगितलेलं नसताना, अंगात कुठे सूज धुमसतेय का ते दाखवणारी तपासणी लावली. मशीनने दाखवायचं ते दाखवलं. साध्या सर्दीचा तो आकडा नव्हता. त्या माणसाच्या जबड्यात खरोखर स्टोव्ह पेटलेला होता, आणि ते जगात दोघांनाच माहीत होतं. एक तो, ज्याचं कुणी खरं धरत नव्हतं, आणि एक मी.

मी नळी धुऊन टाकली. आकडा कुठे लिहिला नाही. आणि लॅबमधल्या बेसिनपाशी उभा राहून मी काय केलं ते आजपर्यंत कुणाला, बायकोलाही सांगितलेलं नाही. मी बोट कानशिलावर दोनदा आपटलं.

सदाकाकाने मला विचारलं नव्हतं असं नाही. जिन्यात गाठून विचारलं होतं, "उदय, रक्तात काय निघतंय का रे? हा सारखा दाढ दाढ करतोय. मला वाटतं, एकदा दातवाल्याकडे..."

मी म्हणालो, "रिपोर्ट ठीक आहे, काका. पेशी कमी नाहीत."

एकही शब्द खोटा नव्हता. सदाकाका मान डोलावून वर गेला. मागे एकदा बाबलकाका न्हाव्याला चावला होता, त्यामुळे ह्याचं तोंड कुणापुढे उघडायचं ह्या विचाराने सदाकाका घाबरलेलाच होता. नेऊ नको असं सांगणारा एखादा माणूस त्याला हवा होता. तो मी झालो. बाबलकाकाने माझी लाज मंडपात, देवापुढे, माझ्या तोंडावर काढली होती. मी माझा हिशोब जिन्यात उरकला, हळू आवाजात. तो किती वर्षं उरकत राहिलो ते मोजायची माझी हिंमत नाही.

आधी पत्ते गेले. खेळता खेळता तो विचारायला लागला, हुकूम काय? सांगितलं की मान हलवायचा आणि पुढच्या हाताला पुन्हा, हुकूम काय? मग दूध आणायला गेलेला तो पार टेंभीपाड्याकडे सापडायला लागला, पिशवी छातीशी धरून. मग गाऱ्हाणं. एका वर्षी त्याने वेशीवरच्या देवाच्या आधी डोंगरावरच्या देवाला हाक मारली. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पुढच्या वर्षी तो मध्येच थांबला, नारळाकडे बघत राहिला, आणि सदाकाकाने मागून देवाचं नाव सुचवलं, घाम पुसत. त्याच्या पुढच्या वर्षी कमिटीतल्या तरुणांनी गावच्या एका मानकऱ्याचं गाऱ्हाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं आणि स्पीकरवर लावलं. झकास क्वालिटी, टेन्शन नाही. सगळे स्पीकरला हात जोडून "व्हय महाराजा" म्हणत होते. बाबलकाका मंडपाच्या कडेला खुर्चीत बसला होता, गाल हातात धरून. त्या स्पीकरने कुणाच्याही नळात बेडूक सोडले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात वर्षं गेली की बुद्धी मंदावते. घरच्यांनी ऐकलं. मीही ऐकलं, आणि मला ते ऐकून बरं वाटलं, ह्याची नोंद असू दे.

शेवटी गाल फुटला. म्हणजे खरोखर, बाहेरून, जबड्याखाली. ताप चढला, तो बरळायला लागला, आणि सदाकाकाने त्याला रिक्षात घालून मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. मी बरोबर गेलो. शेजारधर्म. तिथे दातांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने त्याच्याशी आधी बोलून घेतलं, काय दुखतंय विचारलं. स्टोव्ह, तो म्हणाला. कुठल्या बाजूचा बर्नर, तिने विचारलं. त्याने दाखवलं. तो कुणाला चावला नाही. मुकाट तोंड उघडून बसला, जणू इतकी वर्षं कुणी उघड म्हणण्याचीच वाट बघत होता.

दात काढावे लागले, जवळजवळ सगळेच. डॉक्टरीण बाहेर येऊन सदाकाकाला म्हणाली की हे आजचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. मी विचारलं, ह्याचा डोक्यावर परिणाम होतो का? मला उत्तर नको होतं, तरी विचारलं. ती म्हणाली की अंगात सूज सतत राहिली तर मेंदूलाही तिची झळ लागत असावी, आणि ह्या आजाराच्या लोकांत त्याचा अभ्यास चाललाय. पण ह्यांचं किती आजाराने गेलं, किती गोळ्यांनी आणि किती ह्या पुवाने, ते आता कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मग सदाकाकाकडे बघून म्हणाली, "आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

सदाकाका खाली बघत राहिला. मीही खाली बघत राहिलो. ती आपली भावाकडे बघत होती.

चाळीने पण भावाकडेच बघितलं. सख्ख्या भावाला दवाखान्यात नेलं नाही, पैसे वाचवले, काकी तर काय विचारूच नका. माझ्यासमोर हे बोललं जायचं आणि मी चहाचा घोट घ्यायचो.

बाबलकाका घरी आला तो हलका होऊन. बोळकं झालेलं, पण चेहऱ्यावरचा ताण गेलेला. "बंद झालो," तो ज्याला त्याला सांगायचा, गालावर हात ठेवून. थोडी बडबड परत आली, थोडं हसणं. मला बघून एकदा "ढेकूण" म्हणाला. पत्ते नाही आले. पण पूजा जवळ आली तसं त्याने सदाकाकाच्या मागे लकडा लावला: गाराणा मी घालतलंय. कमिटी नको म्हणत होती. सदाकाका, जो कधी चार माणसांत बोलला नाही, तो मीटिंगमध्ये उठून म्हणाला की स्पीकर लागणार असेल तर आमची वर्गणी परत द्या. नारळ बाबलकाकाच्या हातात आला.

तो उभा राहिला. आवाज उरला नव्हता, दात नसल्याने शब्द विरघळत होते. देव अर्धेच आले, तेही उलटसुलट. तरी लोक मोठ्याने साथ देत होते, कधी नव्हे इतकी. आजारी, नोकरी, स्थळं, सगळं थोडक्यात. मग तो थांबला. मान वर केली. मला कळलं, आता ती जागा आली.

"बा देवा महाराजा, माझ्या दाढेत स्टोव्ह पेटलेलो. तो बघून जो कोण गप रवलो..."

सगळ्यांच्या माना हळूहळू सदाकाकाकडे वळल्या. बाबलकाकाचं बोट कानशिलाकडे गेलं. आपटलं. पुन्हा आपटलं. तिथून काही निघेना. त्याचे डोळे माणसांवरून फिरले, सदाकाकावरून फिरून पुढे गेले, आणि माझ्यावर येऊन थांबले.

"ढेकणा," तो म्हणाला, "माका नाव गावना नाय. ठेवललंय मी. तुका ठावक असा. सांग तू."

त्याला माझं नाव हवं होतं की फक्त मदत, हे मला आजही माहीत नाही. पण मला नाव माहीत होतं. सगळी चाळ माझ्याकडे बघत होती, माझी बायको, माझी मुलगी. पूर्वी एकदा अशाच मंडपात मी हात जोडून उभा होतो आणि माझं सगळं चारचौघांत उघडं पडलं होतं. तो सगळा राग वर आला. त्याचा राग, माझा राग, काय कोण जाणे.

मी म्हणालो, "सदाकाका."

बाबलकाकाने मान हलवली. "तेका देव सुबुद्धी देवंदे रे महाराजा," तो म्हणाला. एवढंच. बेडूक नाहीत, काही नाही. इतकी वर्षं ठेवलेल्या सुडातून एवढंच शिल्लक राहिलं होतं.

चाळ म्हणाली, "व्हय महाराजा." सदाकाकाही म्हणाला. हात जोडलेले, डोळे उघडे, आणि आवाज सगळ्यांपेक्षा स्पष्ट. नंतर नळावर हात धुताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बरं केलंस उदय. कुणीतरी म्हणायला पाहिजेच होतं." माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून वर गेला. पुढच्या वर्षी हार्ट अटॅकने तो गेला. आपणच भावाची ही गत केली असं समजून गेला. तो समज मी त्याला दिला होता.

बाबलकाका सदाकाकानंतर थोडेच महिने होता. काकी त्याला जपायची, ताजा भात मऊ कालवून भरवायची. मी रविवारी जातच होतो. शेवटचा रविवार मला आठवतो तो असा: काकी खाली मासळी आणायला गेली होती, घरात आम्ही दोघंच. तो खुर्चीत, स्वच्छ शर्टात, पाहुण्यासारखा अंग चोरून. मी पट्टा बांधला, सैल. रक्त घेतलं, कापूस ठेवला, हात कोपरातून दुमडून दिला. मग त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पेशी, लावलेली तपासणी, धुतलेली नळी, जिन्यात सदाकाकाला काय म्हणालो ते, मंडपात कुणाचं नाव घ्यायचं होतं आणि मी कुणाचं घेतलं ते. का, तेही सांगितलं. लग्नाचा राग अजून आहे, हेसुद्धा.

त्याने सगळं ऐकलं. माझं संपल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर जुनी होती, परबांच्या मोटारीच्या वेळची. मग उजवा हात उचलला. बोट कानशिलावर दोनदा आपटलं.

"ठेवलंय," तो म्हणाला.

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आता ते कुणाकडे तरी होतं. पुढची पूजा, पुढचं गाऱ्हाणं, काय व्हायचं ते होऊ दे. मी नळ्या आवरल्या, सुई डब्यात टाकली, पिशवीची चेन लावली आणि उठलो.

त्याने वर बघितलं. चेहऱ्यावर हसू, बोळक्या तोंडाचं, ओळखीचं नाही, नुसतं आदराचं, दारात आलेल्या कुणालाही द्यावं तसं.

"इलास?" तो म्हणाला. "बसा. रक्त काढूचा असात ना?"

आणि दुमडलेल्या हातातला कापूस खाली पडू देत त्याने दुसऱ्या हाताची बाही वर सारायला घेतली.